पाहणीला येणारे आधी मुलं मोजतात

प्रश्न : कुपवाडला राहत्या घरी, तळमजल्यावर, सहा वर्षं पाळणाघर चालवते. ११ मुलं आहेत, त्यातली ७ तीन वर्षांच्या आतली. मदतीला एक मावशी. मुलांसाठी बाहेरची १० बाय १२ ची आणि आतली १० बाय १० ची खोली. दुपारचा वरणभात मीच करते. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याला त्यांच्याकडच्या महिलांच्या ६ मुलांसाठी (४ तीन वर्षांखालची) माझ्याशी करार करायचा आहे. त्याआधी तीन आठवड्यांनी त्यांच्या एचआरच्या मॅडम आणि सेफ्टी ऑफिसर पाहणीला येणार आहेत. घराला रंग काढू का? मागच्या वह्या नीट लिहून काढू का? काही सुचत नाही. – एक वाचक, कुपवाड (सांगली)

उत्तर :

ताई, रंगाचं शेवटी बघू. आधी मोजपट्टी घ्या.

कारखाना तुमच्या दारात आला तो कायद्यामुळे. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय द्यायची, ही तरतूद मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली. पाळणाघर कसं असावं याची किमान मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये काढली. येणाऱ्यांच्या हातातली यादी बहुधा त्यावरूनच बेतलेली असेल. त्यात भिंतीच्या रंगापेक्षा दोन आकडे महत्त्वाचे आहेत : मुलामागे जागा किती आणि मुलांमागे माणसं किती.

जागा मुलामागे १० ते १२ चौरस फूट लागते. तुम्ही १२ च धरा. तुमच्या खोल्या १२० आणि १००, म्हणजे २२० चौरस फूट. स्वयंपाकघर आणि व्हरांडा यात मोजायचा नाही. आता सामान वजा करा. समजा बाहेर ६ बाय ३ चा दिवाण आहे (१८), एक कपाट (६) आणि दोन पाळणे (मिळून १६). उरले १८० चौरस फूट, म्हणजे १५ मुलं. तुम्ही घेणार १७, त्यांना हवेत २०४. दिवाण आणि कपाट दोन्ही बाहेर काढलं तर बरोबर २०४ होतात. अगदी काठावर, आणि पाहणीच्या दिवशी कोपऱ्यात एक शिलाई मशीन निघालं तरी हुकतील. आम्ही अंदाजे मापं धरली आहेत, तुम्ही खरी मापं घेऊन कागदावर खोलीचा नकाशा काढा. हाताने काढलेला चालतो, फक्त त्यावर दारं, खिडक्या आणि गॅसची जागा दाखवा.

माणसांचा हिशेब जास्त कडक आहे. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक, आणि सोबत मदतनीस. आज तुमची ७ लहान आहेत, चालून जातं. कारखान्याची ४ आली की ११ होतात आणि तुम्ही एकट्या कमी पडता. मावशी मदतनीस आहेत, त्यांना ताईच्या जागी मोजता येणार नाही. मुळात आजही एक वेळ अशी आहे जेव्हा तुमचं गणित बसत नाही : तुम्ही कुकर लावता तेव्हा. तो पाऊण-एक तास अकराही मुलं मावशींकडे असतात. पाहणी करणारा अनुभवी असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारील, ‘स्वयंपाक कोण करतं आणि तेव्हा मुलांजवळ कोण असतं?’

यावर ‘मी मधे मधे बघते’ हे उत्तर नको. दोनच वाटा आहेत. एक तर जेवण मुलांच्या घरून डब्यात यावं आणि तुम्ही फक्त भरवावं. नाहीतर दुसरी ताई ठेवावी, बालवाडीचा कोर्स केलेली, पूर्ण वेळ. सहा मुलं घ्यायची तर ती तशीही लागणारच आहे. तिचा पगार कारखान्याला सांगायच्या दरात आधी धरा. करार झाल्यावर ‘परवडत नाही’ म्हणायची वेळ इथेच येते. सकाळी सातला वरणभात करून बारापर्यंत झाकून ठेवणं हा तिसरा मार्ग नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवून लहान मुलाला द्यायचं नाही, आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये तर तेवढंही नाही.

म्हणून आमचं पहिलं सांगणं : पाहणीची वाट न बघता या आठवड्यातच एचआरच्या मॅडमना फोन करा. ‘आज मी चार मुलं घेऊ शकते, त्यातली तिघं तीन वर्षांखालची. दुसरी ताई रुजू झाली की सहा’ असं स्पष्ट सांगा. (७ आणि ३, दहा झाली.) आकडा तुमच्याकडून गेला की तो शिस्त म्हणून मोजला जातो. तोच त्यांनी शोधून काढला तर त्रुटी होते.

वह्यांचं. मागच्या वह्या लिहून काढू नका. सहा महिन्यांची हजेरी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेली कोणालाही ओळखू येते, आणि एकदा ती ओळखली की खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. जिथून लिहिलेलं नाही तिथे तसं राहू द्या, उद्यापासून नीट सुरू करा. तीन आठवड्यांची खरी वही पुरते. सुटे कागद नकोत, बांधलेल्या वह्या घ्या आणि पानांवर क्रमांक घाला.

हजेरीत येण्याची आणि जाण्याची वेळ हवी, आणि सोडणाऱ्या-नेणाऱ्याची सही. प्रत्येक मुलाचं एक पान : रक्तगट, ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, लसींची नोंद असलेल्या माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स, दोन नव्हे तीन फोन नंबर आणि न्यायला कोण येऊ शकतं त्यांचे फोटो. ‘आज काका येईल न्यायला’ असा फोन आला तर काय करता हे विचारलं जाईल. काकांचा फोटो पानावर नसेल तर मूल द्यायचं नाही, आईला तिच्या नेहमीच्या नंबरवर उलटा फोन करायचा, हे उत्तर तुमचं आणि मावशींचं एकच यायला हवं. कारखान्यातल्या आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे यायचा हक्क आहे, त्यासाठी वेगळी वही ठेवा आणि अंगावर पाजायला पडद्याआड एक खुर्ची.

औषधाच्या वहीत नेहमी एक चूक सापडते. पॅरासिटामॉलचं सिरप एकाच नावाने दोन ताकदीत मिळतं, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०. आई चिठ्ठीवर ‘५ मिली’ लिहिते आणि बाटली मोठ्या भावाची देते. डोस दुप्पट होतो. चिठ्ठीवर बाटलीवरची ताकद लिहून घ्या, डॉक्टरांच्या कागदाशी ताडा, नाव घातलेली बाटली कुलपात ठेवा. चिठ्ठीशिवाय औषध नाही, घुटीही नाही.

अपघाताची वही कोरी असेल तर ती शंकास्पद दिसते. अकरा मुलांच्या घरात महिनाभर कोणाचा गुडघा फुटला नाही हे कोणी मानणार नाही. वेळ, जागा, काय केलं, आईला किती वाजता कळवलं, एवढंच लिहायचं.

सरकारी कागद थोडे आहेत. तुमच्याएवढ्या लहान व्यवसायाला शॉप ॲक्टखाली नोंदणी नव्हे, ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती काढा. उद्यम (म्हणजे लघुउद्योगाची) नोंदणी फुकट होते. कोणी एजंट पैसे मागत असेल तर सोडून द्या. जेवण तुम्ही देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणीही लागेल. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मात्र आजच टाका, तिला वेळ जातो. प्रमाणपत्र आलं नाही तर अर्जाची पावती दाखवता येते. ती तुमची आणि मावशींची तर हवीच, पण दिवसा घरात असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची हवी. मिस्टर, दीर, कॉलेजचा मुलगा, सगळे. हे मागताना घरात कोणाला राग येईल. ‘कारखान्याचा नियम आहे’ म्हणा आणि अर्ज भरून घ्या.

आता सेफ्टी ऑफिसर. हे गृहस्थ दारातून आत येताना वर बघतात, विजेच्या बोर्डाकडे. ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला असणं पुरेसं नाही. अनेक घरांत तो पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून वायरमनने बायपास करून ठेवलेला असतो. पडायचं कारण ओल शिरलेला गीझर किंवा भिंतीतली एखादी वायर असते, आणि ते तसंच राहतं. ३० मिलीअँपिअरचा आहे का ते त्यावर वाचा, मग ‘टी’चं बटण दाबा. घरातली लाइन तात्काळ गेली पाहिजे. गेली नाही तर वायरमन बोलवा. दुसरी गोम इन्व्हर्टरची. लाइट गेली की इन्व्हर्टरवरचे पंखे-प्लग बऱ्याचदा ईएलसीबीच्या संरक्षणात राहतच नाहीत, कारण त्यांची वायर त्याच्या पुढून निघालेली असते. मुलांच्या खोलीतले खालचे प्लग इन्व्हर्टरवरून काढून टाका, आणि सगळ्या उघड्या सॉकेटना झाकणं लावा.

गॅसची केशरी नळी उलटून बघा, तिच्यावर तारीख छापलेली असते. आयुष्य पाच वर्षं. स्वयंपाकघराच्या दाराला मांडीएवढ्या उंचीचं आडवं फाटक हवं, दोरी किंवा स्टूल नाही. अग्निशामक एबीसी पावडरचा घ्या, काटा हिरव्यात आणि सर्व्हिसिंगचा टॅग चालू. तो गॅसच्या शेजारी टांगू नका. आग तिथेच लागली तर हात कसा पोहोचणार? स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या दाराशी लावा. अधिकारी मावशींना म्हणतील, ‘चालवून दाखवा.’ पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे फिरवायचं. रिकामं करून बघायचं नाही, पण हातात धरून चार वेळा सराव करता येतो.

मग तुमच्या घरात गुडघ्यावर रांगत एक फेरी मारा. हे हसण्यावारी नेऊ नका, दोन फुटांवरून दिसणारं घर वेगळं असतं. देवघरातली निरांजन आणि काडेपेटी. बाथरूममधली भरलेली बादली : दोन इंच पाण्यातही रांगतं मूल बुडतं, म्हणून बादली रिकामी आणि उपडी. बाथरूमची आतली कडी काढून टाका, मुलं आत कोंडून घेतात आणि घाबरून ती उघडता येत नाही. बाहेरून वरच्या बाजूला कडी लावा. फिनेल जुन्या पाण्याच्या बाटलीत ओतलेलं असेल तर ते फेकून द्या. कोणी ते प्यायलं तर उलटी काढायची नाही, बाटलीसकट थेट दवाखाना. रिमोटमधला बटणासारखा सेल मुलाने गिळला तरी तसंच, वाट बघायची नाही. आणि अंगणात पिवळी कण्हेर असेल तर ती आजच उपटा. पूजेला फुलं मिळतात खरी, पण बिट्ट्या खेळायला मुलांना आवडतात आणि बी विषारी असतं.

बाळांच्या झोपेवर थोडं जास्त बोलायला हवं. झोळी पाळणाघरात नको. घरी आजी शेजारी बसलेली असते तेव्हाची गोष्ट वेगळी. झोळीत बाळ मुडपून हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते आणि ते रडतही नाही, त्यामुळे दहा मुलांच्या गडबडीत कोणाला कळत नाही. सपाट, टणक गादी, बाळ पाठीवर. मोहरीची उशी नाही, तोंडाजवळ गोधडी नाही, मऊ खेळणी नाहीत. पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटतं आणि डोकं अडकतं. झोपलेल्या बाळांकडे दर १५ मिनिटांनी जाऊन बघा आणि भिंतीवरच्या कागदावर खूण करा.

खाण्यात सांगलीकरांची अडचण अशी की घरोघरी भडंग आणि हंगामात द्राक्षं. दोन्ही लहान मुलांच्या घशाच्या मापाची. भडंगातला शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, फुटाणा चार वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्या. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं, उपयोग नाही. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, कितीही घरचा असला तरी. दुधाच्या बाटल्यांवर नाव आणि वेळ. आईचं काढलेलं दूध आल्या आल्या फ्रिजमध्ये, आणि बाळाने अर्धवट टाकलेलं पावडरचं दूध तासाभरात ओतून द्या, पुन्हा गरम करून पाजू नका.

खरी परीक्षा मावशींची होईल. तुम्ही पाठ केलेलं सांगाल हे त्यांना माहीत असतं, म्हणून प्रश्न मावशींना विचारतात. रोज दुपारी मुलं झोपली की दहा मिनिटं तयारी करा. घशात अडकलं आणि मूल खोकतच नाही : वर्षाखालचं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं, हे आळीपाळीने. मोठ्या मुलाला पाच थापांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर दाबायचं. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. पोळलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, हळद नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फही नाही. नंबर तोंडपाठ : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १०१ अग्निशमन, १०९८ बालकांची हेल्पलाइन.

आणखी एक प्रश्न येईल, जरा अवघड वाटणारा. मूल ऐकत नसेल तर काय करता? ‘बागुलबुवा येईल म्हणते’ असं मावशी हसत हसत म्हणाल्या तर हातचं गेलं म्हणून समजा. मारणं नाही, कोंडणं नाही, भीती घालणं नाही, जेवण अडवणं नाही, हे लिहून भिंतीवर लावा आणि मावशींची त्यावर सही घ्या. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. आधी घरच्यांत मिटवू म्हणायची सोय नाही.

कॅमेरे असतील तर घड्याळाची वेळ बरोबर आहे का आणि डिस्क भरून रेकॉर्डिंग बंद पडलेलं नाही ना, एवढं बघा. लंगोट बदलायच्या जागी आणि बाथरूममध्ये कॅमेरा नको.

बाहेर पडायचा सराव दोनदा करा, घड्याळ लावून. पहिल्या वेळी उशीर होतो तो बहुधा दोन गोष्टींनी : चपला घालत बसणं आणि फाटकाची किल्ली आत राहणं. अनवाणीच निघायचं, किल्ली दाराशी खिळ्यावर. चालणारी मुलं मावशींबरोबर दोरी धरून, बाळं तुमच्याकडे, हजेरीची वही सोबत. बाहेर ठरलेल्या जागी नावं घेऊन मोजायचं. तारीख आणि लागलेली मिनिटं वहीत लिहा, जास्त लागली असली तरी.

पुराचा प्रश्न त्यांनी विचारला नाही तरी तुम्ही मांडा. तुमचं घर उंचावर असेल, पण पालक सांगलीवाडीतून, गावभागातून येत असतील. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमचा नियम असा ठेवा : पातळी ४० फुटांकडे सरकली की नदीपलीकडच्या आणि सखल भागातल्या पालकांना त्याच दिवशी लवकर न्यायला फोन. त्यांच्याकडून तिसरा नंबर अलीकडच्या नातेवाइकाचा घ्या, वर सांगितलेला तिसरा नंबर याच्यासाठीच. आणि एका रात्रीची शिधा : तांदूळ-डाळ, बाळांच्या नेहमीच्या दुधाचा डबा, लंगोट, उकळून गार केलेलं पाणी, टॉर्च.

पाहणीच्या दिवशी मुलांना सुट्टी देऊ नका आणि जावेला साडी नेसवून ‘ही आमची ताई’ म्हणून उभी करू नका. दुसऱ्या महिन्यात ती दिसणार नाही तेव्हा काय सांगाल? त्यांना अकराला यायला सांगा, म्हणजे खेळ, हात धुणं, जेवण दिसेल. घर फिरवून दाखवायचं काम दीड वाजता मुलं झोपल्यावर ठेवा. नाहीतर तुम्ही साहेबांबरोबर गॅसची नळी दाखवत असाल आणि मावशी एकट्या. चहा द्या, पण स्वयंपाकघरात अर्धा तास घालवून पोहे-शिरा नको. जे झालं नाही ते लपवू नका. एका कागदावर काम, कोण करणार आणि तारीख लिहून त्यांच्या हातात द्या.

आता रंग. तीन आठवड्यांत काढायचा नाही. वास राहतो, खोल्या रिकाम्या कराव्या लागतात, मुलं तेवढे दिवस व्हरांड्यात आणि रोजची घडी मोडते. ज्या पैशांत दोन खोल्यांना रंग लागेल त्यात ईएलसीबी, अग्निशामक आणि फाटक व्हावं. पोपडे सुटले असतील तर मात्र तेवढीच जागा खरवडून घ्या, रांगती मुलं पोपडे तोंडात घालतात आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. हे शनिवारी संध्याकाळी मुलं गेल्यावर करा, खरवडण्याआधी भिंत ओली करा आणि रविवारी फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण रंग दिवाळीला, मुलं सुट्टीवर गेली की.